पावती कितीची फाडू? श्रीमंत, गरीब आणि मधले आपण सगळे

आमच्या गल्लीतल्या मंडळाचा मी गेली सहा वर्षं खजिनदार आहे. कारण एकच, मी सांगलीत दिवसभर लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतो, त्यामुळं हिशोब ह्याच्याकडंच द्या असं परस्पर ठरलं आणि मला नाही म्हणायची सोय राहिली नाही. गणपतीच्या आधी वर्गणीला आम्ही चार-पाच जण फिरतो, पावतीपुस्तक माझ्या हातात असतं, आणि कुठल्या घराकडनं किती घ्यायचे हे पोरांचं गेटच्या बाहेरच ठरलेलं असतं. "हे ५०१ चं घर हाय." "इथं १०१, जास्त बोलू नको." "इथं ११ हजार मागायचे आणि पाचवर यायचं." कशावरनं ठरवता रे म्हटलं तर गेट कसलंय, एसीचे डबे किती लटकलेत, दारात गाडी कुठली, आणि कुत्रं गावठी का विकतचं. अर्थशास्त्र शिकलेलं त्यात एक पण नाही, पण अंदाज फारसा चुकत नाही.

मजा दार उघडल्यावर. ५०१ वाला म्हणतो "आम्ही आपली मध्यमवर्गीय माणसं, जरा बघून फाडा." ११ हजारवाला पण हेच म्हणतो, अगदी हेच शब्द. आणि १०१ वाला रिक्षावाला पण म्हणतो "मध्यमच की ओ आपण, रोजचं रोज चालतंय." म्हणजे अख्ख्या गल्लीत श्रीमंत कुणी नाही, गरीब पण कुणी नाही, सगळा कारभार मधल्यांचाच. श्रीमंत म्हणजे कोण विचारलं की बोट कायम पुढच्या चौकाकडं जातं.

तर ह्या लेखात मला आर्थिक विषमता म्हणजे नेमकं काय, ती मोजतात कशी, आणि आपण तिच्याबद्दल बोलताना जे शब्द वापरतो ते कसे गंडवतात, हे सांगायचंय. टीव्हीवर "एक टक्क्याकडं चाळीस टक्के" असलं काहीतरी ऐकून आपण चॅनल बदलतो ना, ते जरा थांबून बघू.

आधी सरासरी, कारण निम्मा घोळ तिथंच आहे. माझ्या पावतीपुस्तकातलं एक पान समजा, दहा पावत्या. चार १०१ च्या, दोन २०१ च्या, एक २५१, दोन ५०१, आणि एक बिल्डरची २५ हजारांची, कमानीवर फोटो टाकायच्या अटीवर. बेरीज २७,०५९. सरासरी काढली तर घरटी २,७०६ रुपये आले, आणि हे वाचून कुणी म्हणेल वा, गल्ली पैशेवाली आहे. पण २,७०६ च्या आसपास दिले कुणी? एकानंही नाही. त्यापेक्षा दहाच्या दहा पावत्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावा आणि बरोबर मधली बघा, २०१ निघते. ह्या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. गल्ली खरी कशी आहे ते मध्यक सांगतो, सरासरी बिल्डरचं कौतुक करते.

आता हेच देशाला लावू. वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅब म्हणून संस्था आहे, थॉमस पिकेटी वगैरे अभ्यासक त्यात आहेत, त्यांनी २०२४ साली भारताचा १९२२ पासूनचा हिशोब मांडला. त्यांच्या अंदाजानं २०२२-२३ मध्ये भारतातल्या प्रौढ माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला २ लाख ३४ हजारांच्या आसपास. आणि मध्यक? १ लाख ५ हजार. म्हणजे देशातली निम्मी प्रौढ माणसं महिन्याला पावणेनऊ हजारांच्या आत आहेत. हा अंदाजच आहे, आणि काही अर्थतज्ज्ञांना त्यांची पद्धत पटत नाही हे पण सांगून ठेवतो. पण आकडा थोडा इकडंतिकडं सरकवला तरी चित्र फार बदलत नाही.

ह्याच हिशोबातली एक गोष्ट मी क्लायंटला सांगतो तेव्हा समोरचा चहा खाली ठेवतो. वर्षाला २ लाख ९० हजार मिळवणारा माणूस देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत जातो. महिन्याला चोवीस हजार! आणि अगदी वरच्या एक टक्क्यात जायला वर्षाला २० लाख ७० हजार लागतात. वरचे दहा टक्के बाजूला काढले, खालचे पन्नास टक्के बाजूला काढले, मग जे मधले चाळीस टक्के उरतात ना, खरे मधले, त्यांचं सरासरी उत्पन्न वर्षाला १ लाख ६५ हजार, म्हणजे महिन्याला पावणेचौदा हजार. सांगलीच्या विश्रामबागेत टू बीएचके, दारात स्विफ्ट, पोरगं पुण्यात इंजिनिअरिंगला आणि तोंडात "आम्ही मध्यमवर्गीय", हा माणूस आकड्यांत मधला नाहीच, तो वरनं पहिल्या दहा टक्क्यांतला आहे. मी पण त्यातच येतो, हे लिहिताना मला पण जरा कसंतरीच झालं.

पण तो खोटं बोलतोय असं नाही बरं का. त्याचा निम्मा पगार हप्त्यात जातो, आजारपण आलं तर एफडी मोडावी लागते, आणि तो स्वतःला ताडून बघतो ते वरच्याशी, खाली कोण किती आहे ते त्याला दिसतच नाही. आणि त्यात सरकारी शब्द आणखी घोळ घालतात. २०१९ ला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण आलं, त्याची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ८ लाख. ओबीसींतल्या क्रीमी लेयरची, म्हणजे आरक्षणातनं वगळायच्या सधनांची, मर्यादा पण २०१७ पासून ८ लाख. आता वरच्या दहा टक्क्यांचा आकडा माणशी २ लाख ९० हजार होता, घरात नवराबायको दोघं तेवढे कमवत असले तरी ५ लाख ८० हजारच होतात, म्हणजे हे वरच्या दहा टक्क्यांतलं जोडपं उत्पन्नाच्या कसोटीवर कागदोपत्री "दुर्बल" म्हणून आरामात बसतं. (पाच एकर किंवा जास्त शेती असली, हजार चौरस फुटांचा किंवा मोठा फ्लॅट असला तर बाद होतं, ते वेगळं.) आणि २०२५ च्या बजेटनंतर इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य. माझ्याकडं एक जण आलेला, महिन्याला नव्वद हजार पगार, म्हणाला "म्हणजे सरकारच्या दृष्टीनं मी गरीबच की ओ."

दुसरीकडं रेशन कार्ड बघा. महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली, पिवळं, केशरी आणि पांढरं. पिवळ्याला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५ हजारांच्या आत, केशरीला त्याच्या वर ते एक लाखापर्यंत, आणि एक लाखाच्या वर गेलं की पांढरं, म्हणजे रेशनच्या हिशोबात तुम्ही सुखवस्तू. एका खिडकीवर वर्षाला लाखाच्या पुढं गेलात की वरचे, दुसऱ्या खिडकीवर आठ लाखांपर्यंत दुर्बल. एकाच माणसाकडं दोन्ही कागद असू शकतात आणि दोन्ही खरे असतात. मग लोकं रंगावरनंच बोलायला लागली, "आम्ही केशरीवाले" म्हटलं की पुढं काही विचारायची गरज पडत नाही. तालेवार, सुखवस्तू, खाऊनपिऊन सुखी, हातावर पोट असणारा, असली उतरंड आधी शब्दांत होती ती आता कार्डाच्या रंगात आली.

इथवर सगळं उत्पन्नाचं बोललो. खरी गोम पुढंच आहे, संपत्तीत.

उत्पन्न म्हणजे नळाची धार, संपत्ती म्हणजे टाकी. पगार, मजुरी, उसाचं बिल हे सगळं धारेत येतं, आणि जमीन, घर, सोनं, शेअर, एफडी हे टाकीत, त्यातनं कर्ज वजा करायचं. आपण माणूस बघतो तेव्हा फक्त धार दिसते, म्हणजे कपडे, गाडी, मोबाईल. टाकी सातबाऱ्यावर असते आणि सातबारा कुणी गळ्यात अडकवून फिरत नाही.

आमच्याच वर्गणीच्या यादीत दोन घरं आहेत. एक सर, हायस्कूलला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पगार चांगला लाखाच्या आसपास, पण फ्लॅटवर कर्ज आणि गावाकडच्या जमिनीत चार भावांच्या वाटणीत आलेलं अर्धा एकर. दुसरे आबा, सांगली-मिरजेच्या मधी रस्त्याला लागून अडीच एकर, धोतर, टोपी, जुनी एम-एटी, तिला स्टँड नाही म्हणून भिंतीला टेकवून लावतात. आबांचं वर्षाचं उत्पन्न सरांच्या निम्मं पण नसंल. पोरांनी पहिल्या वर्षी सरांना ५०१ आणि आबांना १०१ लावलेले. त्या रस्त्याला आता जागा गुंठ्यावर विकतात, एकर कुणी बोलतच नाही, आणि एका एकरात गुंठे असतात चाळीस, तेव्हा शंभर गुंठ्यांचं काय होईल ते तुमचं तुम्ही काढा. सर आयुष्यभर नोकरी करून जेवढं जमवतील ते आबांच्या एका कोपऱ्यात बसेल.

आणि उलटं पण असतं. जतकडं वीस एकर आहे म्हटल्यावर पुण्याचा माणूस जमीनदार समजतो, पण पाणी नव्हतं तोवर त्या वीस एकराला आमच्याकडं मुलगी देताना लोक दहादा विचार करायचे. आपल्याकडं टाकी एकरात नाही पाण्यात मोजतात, म्हणून शब्द पण "बागाईतदार" आणि "कोरडवाहू" असे पाण्यावरनंच पडले. मग ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या उपसा योजनांचं पाणी जसजसं फिरलं तसतसे त्या त्या गावचे जमिनीचे भाव वर गेले. योजना सरकारच्या, म्हणजे सगळ्यांच्या पैशातली, आणि फायदा ज्याच्या नावावर आधीपासनं जमीन होती त्याला. ज्याला जमीनच नव्हती त्याला काय मिळालं, तर दुसऱ्याच्या रानात जास्त दिवस काम. मिळालं ते पण वाईट नाही, पण एकाची टाकी वाढली आणि दुसऱ्याची धार, हा फरक लक्षात ठेवा, कारण टाकी पोराला देता येते, धार देता येत नाही.

म्हणून आकडे बघितले तर उत्पन्नापेक्षा संपत्तीतली दरी कितीतरी मोठी दिसते. त्याच अभ्यासात वरच्या एक टक्का लोकांकडं देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा आहे, पण संपत्तीचा ४०.१ टक्के. आणि खालच्या निम्म्या लोकांकडं मिळून संपत्ती किती, ६.४ टक्के. माणशी काढलं तर खालच्या निम्म्यांकडं सरासरी १ लाख ७० हजारांची संपत्ती, एक टक्केवाल्यांकडं ५ कोटी ४० लाख. आणि ते पण सरासरीच, बिल्डरची पावती तिथं पण आहेच.

संपत्ती शून्याच्या खाली जाते का? जाते की. कारखान्याच्या हंगामात ऊस तोडायला टोळ्या येतात, त्यातल्या नवराबायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात, एकटा असला तर "अर्धा कोयता". मुकादम सांगतो "माझ्याकडं बारा कोयते आहेत", म्हणजे चोवीस माणसं. हंगामाच्या आधी मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती तोड करून फेडायची, आणि पाऊस लांबला, आजारपण निघालं, बाई बाळंत झाली आणि हंगाम कमी पडला तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे माणूस कामाला सुरुवातच वजा आकड्यातनं करतो, शून्यावर यायला त्याला सहा महिने घाम गाळायला लागतो. आणि शब्द बघा, रस्त्याकडंच्या जमिनीच्या मालकाला आपण नावाच्या पुढं साहेब लावतो, आणि ऊस तोडणाऱ्या दोन माणसांचा मिळून एक कोयता होतो.

भाषेला हे सगळं माहीत आहे खरं. "गर्भश्रीमंत" हा शब्द घ्या, आईच्या पोटातनंच श्रीमंत, म्हणजे ह्यानं काही केलेलं नाही हे शब्दातच लिहिलंय. वारसा म्हणजे काय हे शिकवायला ह्याच्याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही. त्याच्या शेजारीच "कर्मदरिद्री" ठेवा, तिथं मात्र सगळा दोष त्या माणसाच्या कर्मावर. "गुंठामंत्री" म्हणून आपण हसतो ते जमीन विकून चेन घालणाऱ्याला, हसायचं कारण त्याच्याकडं पैसा आला हे नाही, तर पैसा आला आणि वळण नाही आलं हे. "घरंदाज", "खानदानी" हे तर उघडच पैशाबरोबर जात आणि वाडा बघतात. इथं जात बाजूला ठेवून बोलताच येत नाही, वतन कुणाला आणि बलुतं कुणाला हे जातीवर ठरायचं, आणि आजच्या सातबाऱ्याची बरीचशी पानं तिथनंच सुरू होतात. कारखान्यात पण "सभासद" आणि "बिगर सभासद", कारण एकाकडं कारखान्याचा शेअर असतो, दुसऱ्याकडं नसतो. डाव्या चळवळीनं "आहे रे" आणि "नाही रे" असे दोन सरळ शब्द दिले होते, मला ते आवडतात, पण आता ते भाषणातच राहिले.

आणि नात्याचे शब्द. धुणंभांडी करायला येतात त्या "मावशी", वॉचमन "मामा". ऐकायला किती गोड. पण पगारवाढीचा विषय निघाला की "अहो त्या आमच्या घरातल्याच आहेत" असं म्हणून विषय मिटतो. घरातल्या आहेत तर वाटणीत नाव लावा असं मी एकदा गमतीत बोललो, त्या घरनं दोन वर्षं माझ्याकडं रिटर्न आला नाही.

दरी कमी करायचं आपल्याकडं कधी झालंच नाही असं पण नाही. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं ते ह्याच भागात, तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, ती गावं सातारा जिल्ह्यात यायची. त्या सरकारनं सावकारांना पण वेसण घातली, आणि तळपायावर मारायच्या शिक्षेमुळं लोकं त्याला "पत्रीसरकार" म्हणायला लागली. मग १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, म्हणजे कसेल त्याची जमीन, १९६१ चा सीलिंग कायदा, म्हणजे एकाकडं जमीन किती असावी त्याला मर्यादा. देशात मृत्यूनंतरच्या इस्टेटीवर कर होता १९५३ ते १९८५, आणि दरवर्षीचा संपत्तीकर १९५७ ते २०१५. दोन्ही गेले. त्यातनं सरकारला फारसं मिळत नव्हतं हे कारण दिलं गेलं, ते खोटं नाही, पळवाटाच तेवढ्या होत्या. पण आज माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक क्लायंटना तुमच्याकडं एकूण किती आहे हे कुठंच लिहून द्यावं लागत नाही, वर्षात किती आले एवढंच.

शेवटचं एक, कारण ते गेल्या वर्षी व्हॉट्सअॅपवर खूप फिरलं. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की भारत जगात समानतेत चौथा आहे, जिनी निर्देशांक २५.५. जिनी हा कोराडो जिनी ह्या इटालियन माणसानं १९१२ मध्ये दिलेला आकडा, शून्य म्हणजे सगळ्यांकडं सारखं आणि शंभर म्हणजे सगळं एकाकडंच. दहाही घरांनी सारखीच पावती फाडली तर शून्य, नऊ घरांनी दार उघडलं नाही आणि सगळे पैसे एकट्या बिल्डरनं दिले तर शंभरच्या जवळ. आता तो २५.५ हा आकडा जागतिक बँकेचाच, पण तो आहे खर्चाचा, घरोघरच्या खर्चाच्या सर्वेक्षणातनं आलेला. उत्पन्नाचा जिनी पिकेटीवाल्यांच्या आकडेवारीत ६२ येतो, तो पण जागतिक बँकेनं स्वतःच शेजारी लिहिलेला. दोन्ही खरे कसे? कारण शेठजी असला तरी जेवायला दोनच भाकरी. तो शंभरपट कमवतो पण शंभरपट खात नाही, उरलेलं टाकीत जातं आणि टाकी खर्चाच्या सर्व्हेत येत नाही. शिवाय सर्व्हेवाला १०१ च्या घरात सहज शिरतो, मोठ्या गेटवर मामाच सांगतो साहेब घरात नाहीत. आम्हाला पण तेच सांगतो.

तेव्हा कुठं पण विषमतेचा आकडा दिसला की आधी विचारायचं, कशाचा? खर्चाचा, उत्पन्नाचा का संपत्तीचा? एवढं विचारलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

बाकी ह्या वर्षी पोरांनी आबांची पावती वाढवायचं ठरवलंय, पाच हजार. मी म्हटलं तुम्हीच मागा. गेलो, एम-एटी भिंतीला टेकवलेली, आबा बाजेवर. पोरांनी आकडा सांगितला, आबा हसले, टोपी सरळ केली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आरं आम्ही मधली माणसं. २०१ ची फाड, आन् च्या घेऊन जावा."